खड्डा पडण्याआधी रस्ता काय सांगतो? येडगाव परिसरातल्या रस्त्यांचं आयुष्य ओळखायचं कसं

रस्त्याला खड्डा पडला की गावात चर्चा सुरू होते. ग्रुपवर फोटो येतात, कुणी खड्ड्यात झाड लावतं, निवेदन जातं आणि कधीतरी मुरूम नाहीतर डांबराचं ठिगळ पडतं. पुढच्या पावसात ते ठिगळही निघून जातं. रस्त्याच्या जाणकारांच्या हिशेबात मात्र खड्डा ही शेवटची पायरी असते. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीपासून रस्ता खुणा दाखवत असतो. त्या वाचता आल्या तर कोणता तुकडा कधी उखडणार याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो आणि कमी पैशात तो वाचवता येतो.

जगभरची रस्ते खाती हा अंदाज बांधतात. त्यातला मोठा भाग गावात बसूनही करता येण्यासारखा आहे. येडगाव, नारायणगाव आणि आजूबाजूच्या गावांसाठी तो समजून घेणं गरजेचं आहे, कारण इथे रस्ता खराब करणाऱ्या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : काळी जमीन, धरण-कालव्याचं पाणी आणि उसाची-टोमॅटोची जड वाहतूक.

डांबर म्हणजे फक्त कातडी

गावाकडचा डांबरी रस्ता कापून पाहिला तर सगळ्यात खाली मूळची माती, तिच्यावर मुरमाचा थर, मग दाबलेली खडी आणि सगळ्यात वर डांबराचं पातळ कार्पेट दिसेल. हे कार्पेट बहुतेक ठिकाणी २० मिलिमीटरचं, म्हणजे बोटाच्या पेराहूनही कमी जाडीचं असतं. वजन पेलायचं काम खडी आणि मुरूम करतात. डांबराचं मुख्य काम पाणी आत जाऊ न देणं आणि खडी धरून ठेवणं हे आहे. घराचं जसं छप्पर, तसंच.

म्हणून "रस्ता नवाकोरा केलाय, काळाभोर दिसतोय" यावरून काहीच कळत नाही. खालचा मुरूम नीट दाबला का, खडीची जाडी पुरेशी आहे का, बाजूला गटार आहे का, यावर रस्त्याचं आयुष्य ठरतं. काम चालू असताना या गोष्टी डोळ्यांना दिसतात. डांबर पडलं की सगळं झाकलं जातं.

खालची माती किती भार पेलते हे मोजायला सीबीआर नावाची चाचणी आहे. त्यात मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून ठेवतात आणि मग त्यावर दाब देऊन पाहतात. चार दिवस भिजवायचं कारण सरळ आहे : माती भिजल्यावर किती टिकते हाच खरा प्रश्न असतो. काळी माती कोरडी असताना दगडासारखी कडक लागते, पण भिजली की तिचा सीबीआर बहुतेकदा २ ते ४ टक्क्यांवर येतो. वरून ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच रस्त्याखालीही चालू असतं. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीवरचा रस्ता आणि काळ्या रानातून गेलेला रस्ता एकाच वर्षी, एकाच ठेकेदाराने केलेला असला तरी दोघांचं वय सारखं धरता येत नाही.

वजन दुप्पट, नुकसान सोळापट

रस्ता किती गाड्यांनी खराब होतो, हा प्रश्न अर्धवट आहे. किती वजनाच्या ॲक्सलने खराब होतो, असं विचारायला हवं.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा नावाच्या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवले आणि कोणता रस्ता कधी मोडतो याची नोंद ठेवली. त्यातून एक नियम निघाला. ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, तर साधारण सोळापट होतं. हिशेब चौथ्या घाताने चढतो. पातळ ग्रामीण रस्त्यांवर हा आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, पण दिशा तीच राहते.

मोजायला सोपं जावं म्हणून ८.१६ टनांचा ॲक्सल हे माप धरतात. असा एक ॲक्सल रस्त्यावरून गेला की नुकसान झालं एक. आता तुलना करा. एक टनाचा ॲक्सल असलेली जीप साधारण ४,४०० वेळा गेली तर तेवढं नुकसान होईल. मोटारसायकलच्या चाकाखाली दीडशे किलो धरले तर ऐंशी-नव्वद लाख चाकं जावी लागतील. म्हणजे दुचाकीवाल्याने रस्ता खराब केला असं म्हणायला जागाच नाही, जरी खड्ड्यात पडतो तोच.

उलट बाजूला चार टायरच्या एका ॲक्सलवर पूर्वी १०.२ टनांची मर्यादा होती. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ती ११.५ टन केली. वाढ सव्वा टनाची दिसते, पण चौथ्या घाताने पाहिलं तर १०.२ टनांचं नुकसान अडीचच्या आत होतं, ११.५ टनांचं जवळपास चार होतं. हे झालं कायद्यात बसणारं वजन. क्रशरवरून शिगोशीग भरलेला डंपर एका ॲक्सलवर १४ टन घेऊन चालला असेल तर नुकसान साडेआठच्या पुढे जातं.

आता आपल्याकडचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कोणत्याही एका रस्त्याचे नाहीत.

ग्रामीण रस्त्यांची रचना इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ७२ या नियमपुस्तकाप्रमाणे करतात आणि ती साधारण १० वर्षांच्या वाहतुकीसाठी असते. समजा एक रस्ता १० वर्षांत एक लाख ॲक्सल झेलेल असा बांधला. म्हणजे वर्षाला १०,००० आणि दिवसाला सत्तावीस. आता त्या रस्त्यावरून ऊसतोडीच्या दीडशे दिवसांत रोज २० भरलेली वाहनं गेली आणि प्रत्येकाचं नुकसान ५ धरलं (१०.२ टनांचे दोन ॲक्सल म्हणजे जवळपास पाचच होतात), तर दिवसाला १०० आणि हंगामात १५,००० झाले. उरलेल्या वर्षभराची किरकोळ जड वाहतूक ५,००० धरू. एकूण वर्षाला २०,००० झाले. एक लाखाची पुंजी पाच वर्षांत संपली. रस्ता दहा वर्षांचा होता, कागदावर अजूनही तो दहा वर्षांचाच आहे, पण सहाव्या पावसाळ्यात तो उखडणार हे आजच सांगता येतं. ठेकेदाराने काहीही खाल्लं नसलं तरी.

अंदाज बांधणं म्हणतात ते मुळात हेच आहे. नियमपुस्तकातही सुगीच्या दिवसांची वाढलेली वाहतूक वेगळी धरायला सांगितली आहे, त्यासाठी वाहनं सुगीत आणि एरवी अशा दोन्ही वेळा मोजायला हवीत. मोजणी मे महिन्याच्या दुपारी उरकली तर ट्रॉल्या दिसणारच कुठून? तुमच्या रस्त्याचं काम मंजूर झालं असेल तर मोजणी कोणत्या महिन्यात झाली हे जरूर विचारा.

येडगावला पाणी चारही बाजूंनी

येडगावचं धरण कुकडी नदीवर आहे. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे यांच्याबरोबर ते कुकडी प्रकल्पाचा भाग आहे. डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्याने येडगावला येतं आणि येडगावहून कुकडी डावा कालवा पूर्वेकडे नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागाकडे आणि पुढे करमाळ्यापर्यंत जातो. या पाण्यामुळे रानं बागायती झाली, ऊस आला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने या पट्ट्यातला ऊस गाळतात. नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. पूर्वी बैलगाडी आणि एसटीपुरते असलेले रस्ते आता ट्रॅक्टर-ट्रॉलीचे झाले आहेत.

यात वेळेचा एक मेळ आहे आणि तो रस्त्याच्या मुळावर येतो. टोमॅटोच्या गाड्यांची गर्दी पावसाळ्याच्या तोंडावर आणि भर पावसात असते. उसाचा हंगाम पाऊस संपल्या संपल्या सुरू होतो, जमीन अजून ओली असताना. पुढे रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं सुटतात तेव्हा कालव्याकाठची जमीन पाझराने पुन्हा ओली होते. म्हणजे रस्त्याच्या खालची माती जेव्हा सगळ्यात कमजोर, नेमकी तेव्हा सगळ्यात जड गाडी वरून जाते. कोरड्या जमिनीवरून शंभर ट्रॉल्या गेल्या तरी जे होणार नाही ते ओल्या जमिनीवर थोड्याच दिवसांत होतं.

पाऊस कमी म्हणून रस्ता टिकेल, हा समज त्यामुळे पूर्व भागात चालत नाही. इथे आभाळातून पडतं त्यापेक्षा बाजूच्या रानातून, चारीतून आणि फुटलेल्या पाइपमधून येणारं पाणी जास्त त्रास देतं. रस्त्याखालून धरणाच्या पाण्याची पाइपलाइन नेताना खणलेला चर नीट थर दाबून न बुजवता वरून माती लोटून दिली जाते. सहा महिन्यांत तिथे आडवा खोलगा पडतो, गाडी आपटते, पाणी साचतं आणि खड्ड्याची सुरुवात होते. शेतात जायला रस्ता करताना गटारात नळी न टाकता माती भरून टाकणं, बांधाबरोबर साईडपट्टीही नांगरून घेणं, ठिबकचं नाहीतर पाटाचं जादा पाणी रस्त्याकडे काढून देणं, हे आपण सगळे बघतो आणि गावात वाकडेपणा नको म्हणून गप्प बसतो. ठेकेदाराचं नाव घेताना याचीही बेरीज धरायला हवी.

पश्चिम पट्ट्याचं गणित अगदी वेगळं आहे. आहुपे, तळेघर, नाणेघाटाकडच्या रस्त्यांवर जड वाहनं थोडी, पण पाऊस प्रचंड. तिथे ॲक्सल मोजून अंदाज काढला तर कागदावर रस्ता वीस वर्षं टिकेल असं उत्तर येईल आणि प्रत्यक्षात तुंबलेली एक मोरी एका रात्रीत तो वाहून नेईल. तिथे मोऱ्या, डोंगराकडचं गटार आणि दरीकडची कड हेच तपासायचं. भात खाचरातून निघालेला ट्रॅक्टर केजव्हील न काढता डांबरावरून नेला की तेवढ्यात वरची कातडी सोलली जाते, तेही तिकडेच जास्त.

आधी हळूहळू, मग धाडकन

रस्ता दरवर्षी सारखा खराब होत नाही. सुरुवातीची बरीच वर्षं तो चांगलाच दिसतो, थोडी खडी सुटते, एखादी भेग पडते. मग एका टप्प्यानंतर दोन पावसाळ्यांत त्याची चाळण होते. रस्ते अभियांत्रिकीत एक आलेख नेहमी दाखवला जातो : आयुष्याच्या पहिल्या तीन-चतुर्थांश काळात रस्त्याची प्रत ४० टक्के घसरते आणि पुढची ४० टक्के घसरण त्यानंतरच्या फक्त १२ टक्के काळात होते. दहा वर्षांच्या रस्त्याला लावून पाहिलं तर पहिली घसरण साडेसात वर्षांत आणि दुसरी जेमतेम चौदा महिन्यांत. त्याच आलेखावर लिहिलेलं असतं की घसरणीच्या अलीकडे जे काम एक रुपयात होतं, त्याला पलीकडे सहा ते आठ रुपये लागतात. हे आकडे बाहेरच्या मोठ्या रस्त्यांवरून आलेले आहेत, आपल्या तीन-पावणेचार मीटरच्या रस्त्याला ते जसेच्या तसे लागणार नाहीत. पण रस्ता असाच वागतो, हे कोणताही शाखा अभियंता मान्य करेल.

कारण परत पाणीच. कातडीला भेग पडेपर्यंत खालचे थर कोरडे असतात. भेग पडली की पाणी मुरमात जातं, मुरूम मऊ होतो, गाडी गेली की भेग मोठी होते, आणखी पाणी जातं. हे चक्र एकदा सुरू झालं की वरून कितीही ठिगळं मारा, आतून रस्ता गेलेला असतो.

मोठे हिशेब कोण आणि कसे करतं

जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९७० च्या दशकापासून केनिया, कॅरिबियन बेटं, ब्राझील आणि भारत इथे रस्त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. भारतातलं काम दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने केलं, ही संस्था १९५२ पासून आहे. त्या सगळ्यातून एचडीएम नावाची संगणक प्रणाली तयार झाली. तिची एचडीएम-४ ही आवृत्ती अनेक देशांत वापरली जाते. रस्त्याचं वय, थरांची ताकद, वाहतूक, पाऊस आणि आजची अवस्था एवढं भरलं की पुढच्या प्रत्येक वर्षी भेगा किती वाढतील, खडबडीतपणा किती होईल आणि यंदा डांबर टाकलं तर किती पैसे वाचतील याचा तक्ता मिळतो.

त्यासाठी माहिती मात्र हवी. थरांची ताकद पाहायला बेंकेलमन बीम नावाचं साधं उपकरण आहे. भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांमध्ये लांब दांडा ठेवतात आणि ट्रक पुढे सरकला की दबलेला रस्ता किती मिलिमीटर वर येतो ते मोजतात. जास्त दबला म्हणजे आतून पोकळ. खडबडीतपणा मोजायला चाकाचं वेगळं यंत्र असतं. महामार्गांवर आता लेझर आणि कॅमेरे लावलेल्या गाड्या फिरतात. मोबाइलमध्ये हादरे मोजणारा सेन्सर असतोच, त्यावरून रस्त्याचा दर्जा सांगणारी ॲपही आली आहेत. गावच्या रस्त्यावर लेझरची गाडी दिसणं दुर्मीळच. पण ग्रामीण रस्त्यांसाठी याहून सोपी, यंत्र न लागणारी पद्धत नियमातच दिलेली आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नाही.

एक ते पाच गुण : आपला रस्ता आपण मोजा

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्त्याच्या अवस्थेला १ ते ५ गुण देतात. गुण ठरतात ते त्या किलोमीटरवर गाडी आरामात किती वेगाने चालते यावरून. ताशी ४० किलोमीटरच्या वर चालली तर ५ गुण. ३० ते ४० असेल तर ४, २० ते ३० असेल तर ३, १० ते २० असेल तर २, आणि दहाच्या आत आली तर १.

बस, एवढंच. जीप, पिकअप किंवा कार घ्या. मोटारसायकल नको, कारण ती खड्डे चुकवत जाते आणि रस्ता आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. मागे कुणाला तरी बसवून वेग लिहायला सांगा, चालवणाऱ्याने फोन हातात घेऊ नये. प्रत्येक किलोमीटरचा गुण वेगळा लिहायचा, सगळ्या रस्त्याची सरासरी काढायची नाही. तीन किलोमीटरच्या रस्त्याला ५, ५ आणि २ असे गुण असतील तर सरासरी चार येते आणि ओढ्याजवळचा मोडलेला तुकडा कागदावरून गायब होतो. वळण, चढ, शाळा किंवा गर्दीमुळे गाडी हळू झाली तर ते रस्त्याच्या नावावर मांडायचं नाही. मोजणी वर्षातून दोनदा केली तर उत्तम : पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात आणि मेमध्ये.

एका मोजणीतून अवस्था कळते, दोन-तीन वर्षांच्या मोजण्यांतून अंदाज. समजा एखादा तुकडा तीन वर्षं ५ वर होता आणि यंदा ४ वर आला, तर अजून वेळ आहे, गटार साफ करा, भेगा भरून घ्या. ४ वरून ३ वर आलेला तुकडा मात्र आमच्या मते गावाने सगळ्यात आधी पुढे करायला हवा. तो अजून वाचवता येतो. पुढच्या पावसानंतर तो २ वर जाईल आणि मग नव्याने खडीकरण करावं लागेल.

इथेच खरी अडचण आहे. निवेदनं १ आणि २ गुणांच्या रस्त्यांसाठी जातात, निधीही तिकडेच जातो, आणि तोपर्यंत ३ वरचे रस्ते घसरून त्या रांगेत येऊन उभे राहतात. रांग कधी संपत नाही. पण ज्या वाडीचा रस्ता १ वर आहे तिथल्या माणसाला "थांब, आधी बऱ्या रस्त्याला डांबर लावू" असं कोणत्या तोंडाने सांगणार? गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं तर तिला आलेख दाखवून चालत नाही. म्हणून मागणी करताना दोन याद्या वेगळ्या द्याव्यात असं वाटतं. एक नव्याने करायच्या रस्त्यांची, दुसरी वाचवायच्या रस्त्यांची. दुसऱ्या यादीला पैसे कमी लागतात. सरकारी हिशेबातही ही दोन खाती वेगळी आहेत, बांधकाम कार्यालयात ज्यांना ३०५४ आणि ५०५४ म्हणतात ती. पहिलं देखभाल-दुरुस्तीकडचं, दुसरं नव्या भांडवली कामाचं. मागणी चुकीच्या खात्यावर गेली की अर्ज नुसता फिरत राहतो.

खुणा कशा वाचायच्या

गुणांबरोबर कारणही लिहिलं तर अंदाज पक्का होतो. चालत एक फेरी मारा, शक्यतो पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळा रस्ता वाळलेला आणि मध्येच एखादा पट्टा ओलसर दिसला तर तिथे भेगांतून पाणी आत शिरलेलं आहे. पहिला खड्डा तिथे पडणार.

दोन्ही चाकांखाली लांब चाकोरी पडली आणि तिथेच सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखी भेगांची जाळी दिसली, तर खालची माती किंवा मुरूम बसलेला आहे. यावर वरून कार्पेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तो तुकडा खोदून, मुरूम-खडी बदलून, पाण्याला वाट करूनच नीट होतो. जाळी नसेल, चाकोरी नसेल, नुसती बारीक खडी सुटून रस्ता खरखरीत झाला असेल, तर डांबर जुनं किंवा कमी पडलेलं आहे. सीलकोट किंवा नवा पातळ थर पुरतो आणि तो वेळेवर पडायला हवा. साधारण पाच-सहा वर्षांनी असा थर लागतोच.

कड तुटत आत येत असेल तर साईडपट्टी पाहा. ग्रामीण रस्त्याचं डांबर ३ किंवा ३.७५ मीटर रुंद असतं. समोरून एसटी आली की ट्रॉलीचं एक चाक खाली उतरणारच. पट्टी डांबरापेक्षा चार बोटं खाली असेल तर कड तिथे मोडते. ती मुरमाने भरून दाबणं हे रस्त्याचं सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही. उलट काही ठिकाणी पट्टी गवत-मातीने डांबरापेक्षा वर आलेली असते, मग पाणी रस्त्यावरच थांबतं. तिथे नुसतं खरडून दिलं तरी पुरतं. मोऱ्यांची तोंडं मेच्या शेवटी उघडी आहेत का ते पाहिल्याशिवाय बाकी काही पाहण्यात अर्थ नाही.

विचारायचं कुणाला आणि कधी

आधी रस्ता कुणाचा ते ठरवा. पुणे-नाशिक हा राष्ट्रीय महामार्ग ६० आहे, माळशेजवरून आळेफाट्याला येणारा कल्याण-नगर रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६१. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. कालव्याच्या कडेचा सेवा रस्ता जलसंपदा विभागाचा, तो मुळात कालव्याच्या देखभालीसाठी आहे, वापरतो सगळा गाव. जिल्हा परिषदेच्या आणि बांधकाम विभागाच्या रस्त्यांना क्रमांक असतात, तो ग्रामपंचायतीत किंवा उपविभागात मिळेल. अर्जात "वाडीचा रस्ता" असं न लिहिता क्रमांक आणि किलोमीटर लिहिला तर टोलवाटोलवीला जागा कमी राहते.

रस्ता प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर कडेला फलक असतो. त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख पाहा. तिथून पुढे पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते, त्या कामाचे पैसे करारात धरलेले असतात. प्रधानमंत्री योजनेत हे पैसे ई-मार्ग या ऑनलाइन प्रणालीतून, रस्त्याची पाहणी आणि फोटो चढवल्यावर मिळतात. त्या योजनेच्या रस्त्याची तक्रार फोटोसह 'मेरी सडक' ॲपवर करता येते. यात सगळ्यात मोलाची तारीख पाचव्या वर्षाच्या शेवटची. त्याआधीच्या ऑक्टोबरातच गुण, भेगांचे फोटो आणि साईडपट्टीची अवस्था लेखी देऊन पोच घ्या. मुदत संपल्यावर तोच खड्डा गावाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या खर्चाने बुजवावा लागतो.

बाकी रस्त्यांसाठी २ ऑक्टोबरची ग्रामसभा साधून घ्यावी. गाव विकास आराखड्याची तयारी त्याच सुमाराला सुरू होते आणि अंदाजपत्रकं मार्चमध्ये होतात. मेमध्ये, पाऊस तोंडावर आल्यावर केलेली मागणी त्या वर्षी कामाची नसते.

माहितीच्या अधिकारात मागायचंच असेल तर "रस्ता खराब का झाला" असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. कागद मागा : काम पूर्ण झाल्याचा दाखला, मंजूर अंदाजपत्रकातली प्रत्येक थराची जाडी, मातीच्या सीबीआर चाचणीचा निकाल, वाहतूक मोजणीचा तक्ता आणि तिची तारीख, शेवटचा डांबराचा थर कधी पडला त्याची मोजमाप पुस्तकातली नोंद. वरचा एक लाख ॲक्सलचा हिशेब त्या तक्त्यावरून तुमच्या रस्त्यासाठी मांडता येतो. ऊसतोडीच्या एखाद्या आठवड्यात फाट्यावर बसून भरलेल्या ट्रॉल्या मोजल्या आणि तो आकडा तक्त्याशेजारी ठेवला, की रस्त्याची पुंजी कोणत्या साली संपते ते पेन्सिलीने काढता येईल.